मक्का-मदिनेतील जियारत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उमरा आणि हजचे विधी ठरलेले आहेत आणि ते बहुतेक जण शिकूनच निघतात. गोंधळ उडतो तो जियारतीच्या, म्हणजे पवित्र आणि ऐतिहासिक स्थळांच्या भेटीच्या, बाबतीत. कुठे जायचे, किती वाजता जायचे, तिथे पोहोचल्यावर काय करायचे, आणि कोणत्या ठिकाणाहून परतताना एहराम (उमरा-हजसाठीच्या चादरी, नियत आणि बंधने) लागतो, हे निघताना फारसे कुणी सांगत नाही. खालची उत्तरे त्यासाठीच आहेत. जिथे मसल्यात (धर्मनियमात) फरक आहे तिथे हनफी आणि गरजेप्रमाणे शाफई, या इस्लामी धर्मशास्त्राच्या दोन परंपरांची मते दिली आहेत.

जियारत हा उमऱ्याचा किंवा हजचा भाग आहे का?

नाही. उमरा चार गोष्टींनी पूर्ण होतो: मीकातवर (एहराम बांधण्याच्या ठरलेल्या हद्दीवर) एहराम, काबेभोवती सात फेऱ्यांचा तवाफ, सफा-मरवा या टेकड्यांमधल्या फेऱ्या म्हणजे सई आणि शेवटी केस काढणे. गारे हिरा, गारे सौर (मक्केजवळच्या गुहा), उहुद, खंदक (मदिनेतली लढायांची ठिकाणे) यांपैकी एकही ठिकाण पाहिले नाही तरी उमऱ्यात किंवा हजमध्ये काडीची उणीव राहत नाही. मिना, अराफात आणि मुज्दलिफा ही हजची ठिकाणे आहेत, पण ती ८ ते १३ जिल्हज (इस्लामी वर्षाचा बारावा महिना) या दिवसांपुरती. एरवी अराफातला गेलात तर ती नुसती भेट असते.

हे आधीच मनात पक्के असावे. गुडघे दुखणारी माणसे "एवढ्या लांब आलो आणि हिरा राहिला" म्हणून जिवावर उदार होऊन डोंगर चढतात आणि दुसऱ्या दिवशी हरममध्ये (काबेभोवतीच्या मशिदीत) उभे राहून नमाज पढण्याचीही ताकद त्यांच्यात उरत नाही. मक्केच्या मस्जिद-ए-हराममधली एक नमाज इतर ठिकाणच्या एक लाख नमाजांच्या बरोबरीची आहे आणि मदिनेच्या मस्जिद-ए-नबवीतली एक हजारांहून श्रेष्ठ आहे, असे हदीसमध्ये (प्रेषितांच्या वचनांत) आहे. दिवस थोडे असतील तर त्यांवर पहिला हक्क या दोन मशिदींचा.

आधी मक्का की आधी मदिना?

दोन्ही चालते. फरक पडतो तो एहरामच्या जागेत. विमान जेद्दाला उतरून थेट मक्केला जायचे असेल, तर मीकात आकाशातच ओलांडला जातो. म्हणून एहरामच्या चादरी हातातल्या पिशवीत असल्या पाहिजेत. त्या मोठ्या बॅगेत टाकून बॅग विमानाच्या पोटात गेली की मग काही करता येत नाही, आणि ही चूक दर हंगामात घडते. शक्यतो निघण्याच्या विमानतळावरच चादरी नेसाव्यात आणि मीकात जवळ आल्याची सूचना झाली की नियत (मनातला संकल्प) करून तलबिया ("लब्बैक"ची घोषणा) म्हणावा.

जेद्दाला उतरून आधी मदिनेला जाणार असाल तर एहरामची गरज नाही. नंतर मदिनेहून मक्केला निघताना जुल-हुलैफा हा मीकात लागतो. आज त्याला अब्यार अली म्हणतात. तो मस्जिद-ए-नबवीपासून सुमारे १२ किलोमीटरवर आहे. सगळ्या मीकातांमध्ये मक्केपासून सर्वांत दूरचा हाच, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. बसवाले तिथे थांबतात. अंघोळ, चादर, दोन रकात नमाज आणि नियत, सगळे तिथेच उरकता येते.

मदिनेहून हरमैन रेल्वेने जाणार आहोत. गाडी मीकातवर थांबते का?

थांबत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेली ही गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत वेग घेते आणि मक्का-मदिना अंतर साधारण सव्वादोन ते अडीच तासांत कापते. त्यामुळे अंघोळ आणि चादरी हॉटेलवरच, आणि गाडी स्टेशनातून सुटताना किंवा त्याआधी नियत. मीकातच्या आधी एहराम बांधला तर तो जायज आहे, मीकात उलटून गेल्यावर बांधला तर प्रश्न उभा राहतो. मक्केचे स्टेशन हरमच्या दारात नाही, रुसैफा भागात आहे. तिथून टॅक्सीला किंवा बसला वेळ धरा.

रियाजुल जन्नतमध्ये नमाज पढायला काय करावे लागते?

प्रेषित मुहम्मद (स., म्हणजे त्यांच्यावर शांती असो) यांचे घर आणि मिंबर (प्रवचनाचे व्यासपीठ) यांमधला तुकडा म्हणजे रियाजुल जन्नत. "माझे घर आणि माझा मिंबर यांच्यामध्ये जन्नतच्या बागांपैकी एक बाग आहे," अशी हदीस आहे. जागा जेमतेम २२ मीटर बाय १५ मीटर आणि येणारे लाखो, म्हणून आता प्रवेश परवान्यावर आहे.

नुसुक ॲपवर पासपोर्ट आणि व्हिसाच्या तपशिलाने खाते उघडायचे, रौजाची (म्हणजे रियाजुल जन्नतची) सेवा निवडायची, पुरुष किंवा स्त्री ठरवून दिवस आणि वेळ घ्यायची. परवान्यावर क्यूआर कोड आणि प्रवेशाची जागा येते. अर्धा तास आधी तिथल्या रांगेत लागा. आत साधारण दहा मिनिटे मिळतात, तेव्हा बाहेरच वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणे) करून घ्या आणि चपला पिशवीत ठेवा. आत शिरताच दोन रकात नफल (ऐच्छिक नमाज) पढा. आधी दुआ, मग फोटो, मग नमाज असा क्रम लावणाऱ्यांची नमाज राहून जाते.

अडचणी ठराविक आहेत. व्हिसा मिळताच, घरून निघण्यापूर्वी ॲप उघडून पाहा, कारण मदिनेत पोहोचल्यावर जवळच्या तारखा बहुतेक भरलेल्या असतात. एकदा परवाना वापरला की पुढचा साधारण ३६५ दिवसांनी मिळतो. मशिदीच्या परिसरात असणाऱ्यांसाठी तत्काळ वेळ घेण्याची सोय ॲपमध्ये आहे, ती दिवसातून दोनचार वेळा तपासत राहिलात तर जागा सुटलेली सापडते. गटाने येत असाल तर टूरवाल्याने तुमच्या नावाने आधीच परवाना काढला आहे का, ते विचारून घ्या. स्त्रियांच्या वेळा वेगळ्या असतात, बहुधा फजरनंतर सकाळी आणि ईशानंतर रात्री. आणि फोन चार्ज करून न्या. बंद पडलेल्या फोनमधला क्यूआर कोड दारावर दाखवता येत नाही.

प्रेषित (स.) यांच्या कबरीपाशी सलाम पेश करायलाही परवाना लागतो का?

पुरुषांना लागत नाही. परवाना फक्त रियाजुल जन्नतसाठी आहे. पश्चिमेच्या बाब-उस-सलाममधून आत शिरून रांग पूर्वेकडे सरकते आणि बाब-उल-बकीतून बाहेर पडते. डावीकडे कबरींपुढची सोनेरी जाळी लागते. तिच्याकडे तोंड केले की पाठ किब्ल्याकडे (काबेच्या दिशेकडे) होते, आणि सलाम असाच पेश करतात. जाळीवरचे मोठे गोल छिद्र प्रेषित (स.) यांच्या समोरचे. तिथे सलाम पेश करून हातभर उजवीकडे सरकलात की त्यांचे साथी हजरत अबू बक्र (रजि., म्हणजे अल्लाह त्यांच्यावर राजी होवो), आणखी हातभर सरकलात की हजरत उमर (रजि.). आवाज खालचा ठेवावा. जाळीला हात लावणे, तिचे चुंबन घेणे टाळावे, तिथले कर्मचारी अडवतातच. रांग थांबू देत नाहीत, म्हणून ज्यांनी ज्यांनी सलाम सांगून पाठवला आहे त्यांची नावे तिथे कागदावर शोधत बसू नका. "ज्यांनी सलाम सांगितला त्या सर्वांकडून" एवढे पुरते.

स्त्रियांना जाळीसमोरच्या या रांगेत प्रवेश नाही. त्या रियाजुल जन्नतच्या भेटीत किंवा मशिदीच्या आवारातून सलाम पेश करतात.

मदिनेत चाळीस नमाजा पूर्ण केल्याच पाहिजेत का?

मस्जिद-ए-नबवीत सलग चाळीस नमाजा पढण्याची फजीलत (पुण्य-महत्त्व) एका रिवायतीत (हदीसच्या कथनात) आली आहे. तिच्या सनदीबद्दल (कथन सांगणाऱ्यांच्या साखळीबद्दल) मुहद्दिसांमध्ये (हदीसच्या अभ्यासकांमध्ये) मतभेद आहेत. पाच गुणिले आठ चाळीस, म्हणून बरेच टूर मदिनेत आठ दिवस ठेवतात. मिळाले तर उत्तमच. पण ही हजची किंवा उमऱ्याची अट नाही, आणि तीन दिवसांत परतणाऱ्याने मन खट्टू करून घेऊ नये.

मदिनेची फेरी कोणत्या क्रमाने करावी?

फजर मस्जिद-ए-नबवीत पढून लगेच निघा. चार तास पुरतात. नेहमीचा क्रम कुबा, किब्लतैन, खंदक, उहुद असा असतो आणि ड्रायव्हर आपल्या सोयीने तो फिरवतो. उन्हाळ्यात आमचा सल्ला उलटा आहे: आधी उहुद, शेवटी कुबा. उहुदचे मैदान उघडे आहे आणि नऊनंतर तिथला दगड भाजायला लागतो. कुबा वातानुकूलित मशीद आहे, दहा-अकरा वाजताही तिथे त्रास होत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. सर्वसाधारण बसफेरीत उहुदला पंधरा-वीस मिनिटे आणि खजुराच्या बाजारात पाऊण तास मिळतो. बसण्याआधीच ड्रायव्हरशी बोलून हे उलटे करून घ्या.

मस्जिद-ए-कुबाची नेमकी फजीलत काय, आणि तिथे चालत जाता येते का?

हिजरतच्या (मक्केहून मदिनेला स्थलांतराच्या) वेळी, सन ६२२ मध्ये, पायाभरणी झालेली ही इस्लाममधली पहिली मशीद. प्रेषित (स.) दर शनिवारी कधी पायी तर कधी स्वारीवर इथे येत. हदीसनुसार जो आपल्या घरी वुजू करून कुबाला येऊन नमाज पढतो त्याला उमऱ्याएवढा सवाब (पुण्य) मिळतो. यातला "आपल्या घरी" हा भाग बहुतेकांच्या लक्षात राहत नाही आणि ते कुबाच्या वुजूखान्यात रांग लावतात. वुजू हॉटेलच्या खोलीवरच करून निघा.

मस्जिद-ए-नबवीपासून अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे आणि दोन्हींना जोडणारा पादचारी रस्ता चांगला आहे. रमतगमत पाऊण ते एक तास लागतो. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी त्याच मार्गावर छोट्या विजेच्या गाड्या भाड्याने धावतात. शनिवारी गर्दी जास्त, पण चालत येणाऱ्यांची ती गर्दी पाहण्यासारखी असते.

उहुदला नेमके काय पाहायचे? तिथे तर नुसता डोंगर दिसतो.

उहुद समजून घेतला तर मदिनेतले हे सर्वांत बोलके ठिकाण आहे. मक्केवाल्यांशी झालेली ही लढाई हिजरी ३ (हिजरतपासून मोजलेले इस्लामी वर्ष), म्हणजे सन ६२५ ची. सत्तर मुसलमान शहीद झाले. त्यांत प्रेषित (स.) यांचे चुलते हजरत हमजा (रजि.) होते, आणि मदिनेत इस्लामची शिकवण घेऊन आलेले हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) होते.

बसमधून उतरल्यावर समोर एक बुटकी टेकडी दिसते. तिला जबल-ए-रुमात म्हणतात, म्हणजे तिरंदाजांची टेकडी. लाखो पावलांनी ती झिजत आली आहे. तिच्यावर चढून उत्तरेला, मोठ्या उहुदकडे तोंड करून उभे राहा. मुसलमानांच्या फौजेची पाठ त्या डोंगराला होती. मागून हल्ला होण्याची वाट एकच होती, ती या टेकडीजवळून जात होती. म्हणून हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्या हाताखाली पन्नास तिरंदाज इथे बसवले आणि काही झाले तरी जागा सोडायची नाही असा हुकूम दिला. शत्रू पळताना दिसला तसे त्यांतले बहुतेक खाली उतरले. खालिद बिन वलीद तेव्हा मुसलमान झाले नव्हते. त्यांनी घोडदळ वळवून याच मोकळ्या झालेल्या बाजूने मागून हल्ला चढवला. टेकडीवर उभे राहिल्यावर हे सारे दोन मिनिटांत डोळ्यांपुढे येते. खालून पाहून ते येत नाही.

शहिदांची कबरस्तान टेकडी आणि डोंगर यांच्या मध्ये, कुंपणात आहे. आत जाता येत नाही. कुंपणाबाहेरून सलाम म्हणावा आणि दुआ करावी. कबरींवर नावे नाहीत. कुंपणातून चिठ्ठ्या, नाणी, धागे टाकू नका. "उहुद हा असा डोंगर आहे की तो आमच्यावर प्रेम करतो आणि आम्ही त्याच्यावर," ही हदीस अनेकांना ऐकून माहीत असते. त्याच्यावर प्रेम असेल तर त्याचे दगड खिशात घालून आणू नयेत.

खंदक आणि किब्लतैन?

खंदक आज दिसत नाही, ती केव्हाच बुजली. दिसतो तो सलअ डोंगर आणि त्याच्या पायथ्याच्या छोट्या मशिदी. "सात मशिदी" म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जागी आता एक मोठी नवी मशीद आहे. वरच्या मशिदीला मस्जिद-ए-फतह म्हणतात. हिजरी ५ मध्ये हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या सल्ल्याने शहराच्या बचावासाठी खंदक खणली गेली, ती शहराच्या उत्तर बाजूला. बाकीच्या बाजूंना लाव्हाचे खडबडीत पठार आणि खजुरांच्या दाट बागा होत्या. तिकडून घोडदळाला वाट नव्हती. अजूनही मदिनेच्या कडेला तो काळा लाव्हा दिसतो, ड्रायव्हरला विचारा, तो दाखवील.

मस्जिद-ए-किब्लतैनमध्ये, हिजरी २ मध्ये किब्ला बैतुल मुकद्दसकडून (जेरुसलेमकडून) काबेकडे वळल्याची आठवण जपली आहे. दोन रकात तहियतुल मस्जिद (मशिदीत शिरल्यावरची नमाज) पढा आणि पुढे चला. वीस मिनिटे पुरेत.

जन्नतुल बकी कधी उघडी असते?

पुरुषांसाठी साधारण फजरच्या (पहाटेच्या) आणि असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर. फजरनंतर जाणे बरे, ऊन नसते. हे कबरस्तान मस्जिद-ए-नबवीला लागूनच पूर्वेला आहे. उम्महातुल मोमिनीनपैकी (प्रेषितांच्या पत्नींपैकी) बहुतेक, हजरत उस्मान (रजि.), प्रेषित (स.) यांचे पुत्र इब्राहिम, हजरत इमाम हसन (रजि.), इमाम मालिक अशी अनेक जण इथे विसावली आहेत. कबरींवरच्या इमारती १९२५-२६ च्या सुमारास पाडल्या गेल्या, आता फक्त दगड आहेत आणि नावे कुठेही लिहिलेली नाहीत. "ही अमक्यांची कबर" असे सांगत पैसे मागणारा कुणी भेटला तर हात जोडून पुढे व्हा. आखलेल्या वाटेवरूनच चाला, कबरींवर पाय पडता कामा नये. स्त्रियांना आत प्रवेश नाही, त्या बाहेरच्या भिंतीलगत उभ्या राहून सलाम म्हणतात.

"जिन्नांची दरी" पाहावी का?

मदिनेपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या वादी-ए-बैदामध्ये इंजिन बंद केलेली गाडी चढावर धावते, असे दाखवतात. तो चढ नसतोच, उतार असतो. आजूबाजूच्या डोंगरांच्या रेषांमुळे क्षितिज चुकीचे भासते आणि नजर फसते. अशा जागा जगात इतरत्रही आहेत. या जागेला कुठलाही दीनी इतिहास नाही. यात अर्धा दिवस जातो, तो मस्जिद-ए-नबवीत गेला तर जास्त कामी येईल.

बदरला जाता येते का?

येते. मदिनेच्या नैर्ऋत्येला सुमारे १५० किलोमीटर, जाऊन-येऊन बहुतेक सगळा दिवस. हिजरी २ च्या १७ रमजानला ३१३ च्या आसपास मुसलमान इथे लढले, चौदा शहीद झाले. त्यांची नावे कोरलेला फलक आणि कबरस्तान पाहता येते. लक्षात ठेवायचे ते हे: बदरवरून परत मदिनेला येणार असाल तर एहरामचा प्रश्न नाही. बदर करून तसेच उमऱ्यासाठी मक्केला जाणार असाल, तर जुल-हुलैफा मागे पडतो. म्हणून एहराम मदिनेतून निघतानाच बांधलेला निर्धास्त.

मक्केत कोणती ठिकाणे पाहावीत?

हरमच्या जवळची आधी, ती चालत होतात. मरवाच्या बाजूला बाहेर पडल्यावर एक ग्रंथालयाची इमारत आहे. प्रेषित (स.) यांचा जन्म झाला ते घर याच जागी होते, असे परंपरेने मानले जाते. पुढे जन्नतुल मुअल्लाच्या वाटेवर मस्जिद-ए-जिन्न लागते. मुअल्ला या कबरस्तानात प्रेषित (स.) यांच्या पत्नी हजरत खदीजा (रजि.) यांची कबर आहे. गाडीने करायच्या फेरीत जबल-ए-सौर, अराफात, मुज्दलिफा, मिना, जमरात (हजमध्ये खडे मारण्याची जागा) आणि जबल-ए-नूर (गारे हिराचा डोंगर) येतात. हा अर्धा दिवस झाला. हजच्या दिवसांखेरीज मिनाचे तंबू रिकामे असतात आणि मस्जिद-ए-नमिरा बहुधा बंद असते, त्यामुळे या फेरीत बरेचसे खिडकीतूनच पाहायचे असते.

हजला येणाऱ्यांनी मात्र ही फेरी आधी करावीच. मस्जिद-ए-नमिराचा पुढचा भाग अराफातच्या हद्दीबाहेर, उरना खोऱ्यात पडतो. ९ जिल्हजला तिथेच बसून राहिलेल्याचा वुकूफ (अराफातमध्ये थांबण्याचा विधी) होत नाही, आणि वुकूफ नाही तर हज नाही. हद्दीचे पिवळे फलक कुठे आहेत ते शांतपणे पाहून ठेवता येते.

गारे हिराची चढण किती अवघड आहे?

हजाराहून अधिक ओबडधोबड पायऱ्या आहेत, कुठे अर्धी वीत तर कुठे गुडघ्याएवढ्या. धडधाकट माणसाला पाऊण तास, सवयीच्या नसलेल्याला दीड तास, उतरायला जवळपास तेवढाच. गुडघ्यांना त्रास उतरतानाच जास्त होतो, काठी असेल तर न्या.

जबल-ए-नूर हरमपासून चारेक किलोमीटरवर आहे. तहज्जुदच्या (उत्तररात्रीच्या नमाजच्या) सुमारास चढायला लागून फजर वर पढणारेही असतात. त्यांना टॉर्च हवा. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर चढू नये. मक्केत जून ते ऑगस्ट पारा ४० च्या वर असतो आणि उघडा खडक त्याहून तापतो. माणशी निदान एक लिटर पाणी घ्या. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. कड्याजवळ मुलांचा हात सोडू नका.

शिखरावर पोहोचलात म्हणजे गुहा आली असे नाही. पलीकडच्या अंगाने थोडे खाली उतरून दोन मोठ्या दगडांच्या फटीतून अंग चोरून जावे लागते. अंगाने मोठ्या माणसांनी हे आधीच ठाऊक करून घ्यावे. गुहा सुमारे पावणेचार मीटर लांब आणि दीड मीटरच्या थोडी वर रुंद आहे, एका वेळी दोघे-तिघे मावतात. सन ६१० मध्ये पहिली वही (अल्लाहकडून आलेला संदेश), कुरआनातल्या सूरह अलकच्या सुरुवातीच्या पाच आयती, इथे उतरली. आत रेटारेटी करून नफल पढण्याचा आग्रह धरू नका, तशी सुन्नत (प्रेषितांची रीत) नाही. दारात उभे राहून त्या पाच आयती मनात म्हटल्या तर मागच्या रांगेलाही त्रास होत नाही.

ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठी पायथ्याशी २०२३ मध्ये सुरू झालेले हिरा सांस्कृतिक केंद्र आहे. तिथले वहीविषयीचे प्रदर्शन मनापासून पाहण्यासारखे आहे.

आणि गारे सौर?

तो जास्त उंच, जास्त लांब आणि कमी गर्दीचा. चढायला दीड ते दोन तास धरा. बहुतेक फेऱ्यांत तो पायथ्यावरूनच दाखवतात आणि त्यात गैर काही नाही. एक गोष्ट मात्र तिथे उभे राहूनच पटते. मदिना उत्तरेला आहे आणि सौर मक्केच्या दक्षिणेला. प्रेषित (स.) आणि हजरत अबू बक्र (रजि.) मुद्दाम उलट दिशेला गेले आणि पाठलाग करणारे उत्तरेच्या वाटा धुंडाळत असताना तीन रात्री इथे राहिले. अल्लाहवर पूर्ण भरवसा ठेवणाऱ्यांनी योजना किती बारकाईने आखली होती, हे होकायंत्र हातात धरून पाहावे.

तनईमहून पुन्हा उमरा करता येतो का?

येतो. तनईमची मस्जिद-ए-आयशा हरमपासून सात-आठ किलोमीटरवर, हरमच्या हद्दीच्या (मक्केभोवतीच्या पवित्र क्षेत्राच्या) जरा बाहेर आहे. बस आणि टॅक्सी सतत मिळतात. जिअर्राना आणि हुदैबिया ही हद्दीबाहेरची आणखी दोन ठिकाणे, दोन्ही वीस-पंचवीस किलोमीटरवर. जिअर्रानाहून प्रेषित (स.) यांनी हिजरी ८ मध्ये हुनैनच्या लढाईनंतर उमरा केला होता, आणि हुदैबियाचा तह हिजरी ६ चा. तिथून एहराम बांधला तर जियारतही होते.

डोके आधीच तासलेले असेल तरी हनफी मतानुसार दर उमऱ्याला वस्तरा फिरवावा लागतो. स्त्रियांनी बोटाच्या पेराएवढे केस कापायचे. ९ ते १३ जिल्हज या पाच दिवसांत हनफींकडे उमरा मकरूह (नापसंत) आहे. आणि दिवसाला दोन-दोन उमरे करून आजारी पडण्यापेक्षा नफल तवाफ करावेत, असे अनेक उलमा सांगतात. आम्हालाही ते पटते.

ताइफला गेलो तर परतताना एहराम लागतो?

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ताइफ मक्केपासून सुमारे ९० किलोमीटरवर, मीकातच्या बाहेर आहे. परतताना कर्नुल मनाजिलचा मीकात ओलांडावा लागतो: एका रस्त्याने अस-सैलुल कबीर, दुसऱ्या म्हणजे हदाच्या घाटाने आलात तर वादी मुहर्रम. हनफी मतानुसार मीकातबाहेरून मक्केत येणाऱ्याने, कारण कोणतेही असो, एहरामनेच आले पाहिजे. न बांधता आलात तर परत मीकातवर जाऊन एहराम बांधावा लागतो, नाहीतर दम, म्हणजे हरमच्या हद्दीत एका बकऱ्याची कुर्बानी. शाफई मतानुसार हज किंवा उमऱ्याची नियत असेल तरच एहराम वाजिब (बंधनकारक) होतो.

म्हणून हनफी यात्रेकरूंनी चादरी सोबत घेऊनच ताइफला जावे आणि परतताना उमरा करावा. ड्रायव्हरला मीकातवर थांबायचे आधीच सांगा. घाटात माकडे गाडीजवळ येतात, खाण्याच्या पिशव्या हातात दिसू देऊ नका.

जेद्दा आणि अराफात मीकातच्या आत आहेत. मक्केत मुक्काम असताना तिथे फिरून आलात तर एहराम लागत नाही.

मासिक पाळी सुरू असेल तर?

उहुद, हिरा, खंदक, अराफात ही उघड्यावरची ठिकाणे पाहायला काहीच हरकत नाही. मशिदीत जाणे, नमाज आणि तवाफ थांबतात. दुआ, जिक्र, दुरूद सगळे चालू राहते.

मदिनेहून मक्केला निघण्याच्या दिवशी पाळी असेल तर पुष्कळ जणी एहरामशिवायच निघतात. ते चूक आहे. मीकातवर अंघोळ करून, नमाज न पढता, नियत करून तलबिया म्हणावा. मक्केत पोहोचून एहरामची बंधने पाळत थांबावे आणि पाळी संपल्यावर गुस्ल (शुद्धीची अंघोळ) करून उमरा करावा. तवाफ पूर्ण झाल्यावर पाळी आली तर सई तशीच करता येते, ती ग्राह्य आहे.

एहराममध्ये असताना जियारत करावी का?

आधी उमरा पूर्ण करा. एहराममध्ये फिरणे हराम नाही, पण जितका वेळ जास्त तितक्या चुका जास्त: डोके झाकणे, सुगंधी साबण, मोडलेले नख. हरममध्येही एक जपण्यासारखी गोष्ट आहे. हजरे अस्वद (काबेतला काळा दगड), रुक्ने यमानी (काबेचा एक कोपरा) आणि मुलतजम (काबेच्या दाराजवळची भिंत) यांना अत्तर लावलेले असते. एहराममध्ये त्यांना बिलगलात तर सुगंध अंगाला लागतो आणि दम किंवा सदका (दान) येऊ शकतो. एहरामच्या तवाफात दुरून इशारा करा आणि बिलगायचे ते नंतरच्या नफल तवाफात.

वयस्कर आई-वडिलांना काय दाखवावे?

मदिनेत कुबा, किब्लतैन आणि गाडीत बसून उहुद. मक्केत अराफात-मिनाची गाडीफेरी. हरममध्ये व्हीलचेअर आणि वरच्या मजल्यावर विजेच्या गाड्या भाड्याने मिळतात. सईच्या सात फेऱ्याच जवळपास तीन किलोमीटर होतात. तेव्हा उमऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोणतीही जियारत ठेवू नका.

टॅक्सी ठरवताना काय पाहावे?

ठिकाणांची नावे एकेक करून सांगा, प्रत्येक ठिकाणी किती थांबायचे ते ठरवा, भाडे माणशी की गाडीचे ते स्पष्ट करा आणि मगच बसा. वाद बहुतेक वेळा थांबण्याच्या वेळेवरूनच होतो. पैसे फेरी संपल्यावर द्या. नमाजच्या वेळेआधी निदान तासभर हरमजवळ परत यायचे ठेवा, त्यानंतर आसपासचे रस्ते बंद होतात. हॉटेलचे नाव अरबीत लिहिलेले कार्ड घरातल्या प्रत्येकाच्या खिशात असू द्या.

जमजम आणि खजूर कसे आणावेत?

जमजमचे पाणी फक्त पाच लिटरच्या सीलबंद बाटलीतून, आणि ती विमानतळावर वेगळी सोपवायची. कपड्यांच्या बॅगेत घातलेली बाटली काढून घेतली जाते, बॅगही उशिरा पोहोचते. अजवा खजूर मदिनेत घ्या: काळा, गोलसर, मऊ आणि बेताचा गोड असतो. एक चाखून, त्याच पेटीतला तोलून मागा. उहुदची माती "शिफा" म्हणून पुडीत विकणारे भेटतात, त्यांच्याकडून काही घेऊ नका.

निघताना विदाई तवाफ करावा लागतो का?

हजवाल्यांना मक्का सोडण्यापूर्वी तो वाजिब आहे. पाळी असलेल्या स्त्रीला माफ आहे. उमरा करणाऱ्याला हनफींकडे तो वाजिब नाही, केला तर चांगलेच. सामान आधी बांधून खाली आणून ठेवा, मग तवाफ करा आणि तिथून सरळ गाडीत बसा. तवाफ करून पुन्हा बाजारात रेंगाळायचे नाही.